दोन मुक्कामांचं अंतर

तिसऱ्या कपाटात एकशे अठरा पुस्तकं होती, नऊ नोंदवह्या होत्या आणि खालच्या कप्प्यात दोनशे चार काचनळ्या. पुस्तकांपैकी एकतीस वाळवीनं खाल्लेली, सहांना पुठ्ठाच नाही. नळ्यांपैकी अकरांत नुसती चिठ्ठी. नयननं सगळं दोनदा मोजलं, कारण पहिल्या खेपेला नळ्या दोनशे तीन भरल्या होत्या.

यवतमाळच्या त्या निसर्ग संग्रहालयाच्या ग्रंथालयात ती सहा महिन्यांसाठी आली होती. जुन्या संग्रहाची यादी करून छापायला द्यायची, एवढंच काम. प्राणिशास्त्राची पदवी घेतलेली पोर. एखादी गोष्ट जुळली नाही की तिला जेवण गोड लागत नसे. सध्या जुळत नव्हती नळी क्रमांक त्रेसष्ट. तिच्यात गोगलगाईंचे सात शंख होते, ज्वारीच्या दाण्याएवढे. शंखाचं वळण बहुतेक उजवीकडे जातं; हे सातही डावीकडे वळलेले. असा शंख जिल्ह्यातून आणल्याची दुसरी नोंद संग्रहालयात नव्हती.

ते गोळा करणारा होता एक शाळामास्तर. त्याची १८९१ सालची वही उशीवर ठेवूनच उघडायची, हात धुऊन कोरडे करायचे, जवळ फक्त पेन्सिल बाळगायची, असा ग्रंथपाल बबनरावांचा दंडक. वहीत मजकूर एवढाच : ‘मीठ वाहणाऱ्या तांड्यासोबत घाटंजीहून पांढरकवड्याच्या वाटेने निघालो. दुसऱ्या मुक्कामी डाव्या हातास काळ्या खडकातून झरा. पाणी बारमाही. तेथे शंख सात.’

“शुक्रवारी यादी छापाले जाते,” बबनराव म्हणाले. “जागा सापडली तं ठीक, नाही तं त्रेसष्ट नंबर ‘ठिकाण शंकास्पद’मधी टाकजो.”

“सर, तिथं गेलं का मेलं ते. मंग त्याले कोण शोधते?”

“म्हणूनच तं शुक्रवारपावेतो थांबून राह्यलो.”

नयननं हिशेब केव्हाच मांडला होता. घर कापूसवाल्यांचं. आजोबा किसनराव तरुणपणी कापसाच्या बैलगाड्या बाजाराला नेत, तेव्हा एका दमात दहा कोस तोडत. दोन मैलांचा एक कोस. म्हणजे एक मुक्काम बत्तीस किलोमीटरचा, दोन मुक्काम चौसष्टचे. नकाशावर बोट थेट झरी जामणीच्या जंगलात गेलं. दोन रविवार ती तिथं पायपीट करून आली. झरे तीन सापडले. डाव्या वळणाची गोगलगाय एकही नाही.

बुधवारी ती पुन्हा त्याच पानावर बसली. समोर देवसिंग राठोड एका पुस्तकाची शिवण घालत होता. ग्रंथालयातल्या पुस्तकांची बांधणी तीस वर्षं त्याच्याच हातची. गाव म्हणाल तर घाटंजीजवळचा बंजाऱ्यांचा तांडा.

“नयनबाई, तीन दिवसापासून एकच पान पाहून राह्यल्या. पाठ झालं अशीन आता.”

“काका, झराच नाही सापडून राह्यला.” तिनं मजकूर वाचून दाखवला.

“मंग कुठी पाह्यला?”

“झरी जामणीत. दोन मुक्काम म्हणजे वीस कोस.”

सुई हवेतच थांबली. “वीस कोस? हा तांडा होता का यष्टी?”

“माहे आबाजी गाडीनं दहा कोस जात.”

“गाडीनं जात. ओझं चाकावर. तांड्याच्या लदेणीत गोणी बैलाच्या पाठीवर राहे. दुपार झाली का गोण्या उतरवाच्या अन् बैल चराले सोडाचे. दोनशे बैलाले कडबा कोण घालन, तुमचे आबाजी? चरला नाही तं दुसऱ्या दिवशी बैल उठत नाही. माहा आजा सांगे, चार कोस. पाचवा मांगतला का बैल बसते.”

नयननं कागदावर चार लिहिले, दुपटीनं आठ केले, किलोमीटर काढले. पंचवीस पूर्णांक सहा. गाडीच्या बैलांनी आपल्याला दुपटीहून जास्त लांब नेऊन सोडलं, हे कळल्यावर तिला हसू फुटलं.

“काका, उद्या फटफटी काढता?”

“मी कायले? आबाजीची गाडी आहे ना, दहा कोसवाली.”

पण गुरुवारी सकाळी सहाला तो फटफटी घेऊन दारात उभा होता. घाटंजीच्या बाजारचौकात नयननं मीटरचा आकडा टिपला. पंचवीस किलोमीटर झाल्यावर दोघं डावीकडे पाहत हळूहळू निघाले. पहिला नाला कोरडा. दुसऱ्यात नुसता गाळ. तिसऱ्याच्या काठानं कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग होते आणि खाली, काळ्या खडकाच्या फटीतून, मनगटाएवढी धार वाहत होती. मार्च संपत आला होता.

देवसिंग पळसाच्या सावलीत डबा उघडून बसला. “खाऊन तं घ्या. दीडशे वर्षं थांबले ते, भाकरीपुरते थांबतीन.”

“एकशे चौतीस,” नयन म्हणाली, आणि गुडघ्यांवर बसून तिनं पाण्याकडेचा ओला दगड उलटा केला. मग दुसरा. मग पिशवीतून तारेची चौकट काढून खडकावर ठेवली, भिंग डोळ्याला लावलं आणि मोजायला लागली. भाकरी गार झाली.

शुक्रवारी छापायला गेलेल्या यादीत क्रमांक त्रेसष्ट असा होता : घाटंजीपासून २६.४ किलोमीटर, रस्त्याच्या डावीकडे, खडकातील झरा. पाण्याचे तापमान २५.५ अंश. एक चौरस फुटात जिवंत १९. वळण डावे, १९.