कुलूपबाबा आणि उतावळं दार

इस्पितळाच्या औषधकोठाराबाहेर एवढी झुंबड उडाली होती, की पेशंट आपापले नंबर सोडून चमत्कार बघायला आले होते. पाय प्लास्टरमध्ये असलेला एक गृहस्थ तर लंगडी घालत पुढच्या रांगेत पोचला.

कुलूपबाबांनी डोळे मिटले. "सर्किटस्वामिनी, प्रकट हो! सट्टाक!" आणि बाही दारावरच्या कार्डयंत्राला घासली. खट्! दार उघडलं, मग यंत्राचा दिवा लाल झाला.

"देवीचा डोळा!" संचालकांनी बूट काढले.

कोठार सांभाळणारी फार्मासिस्ट कोपऱ्यात घाम पुसत होती. झोपेच्या गोळ्या गायब होत होत्या आणि यंत्राच्या नोंदीनुसार तिच्याशिवाय कोणी आत गेलंच नव्हतं. चोर कोण, हे बाबा आता देवीला विचारणार होते. तिची नोकरी जाणार होतीच, वर पोलीसही येणार होते.

"वहिनी, घाबरता काय?" तिची नणंद तिथंच डोळ्यांची डॉक्टर होती. "लाल दिवा कधी लागतो?"

"कार्ड ओळखलं नाही की. अहो वन्सं, मग दार उघडलं कसं?"

नणंदेनं दार लोटून बंद केलं आणि पर्समधलं लायब्ररीचं कार्ड यंत्राला लावलं. खट्! दार उघडं, दिवा लाल.

"बघा, मला तर मंत्राशिवाय पावली!"

गर्दी तत्काळ तिच्याच पाया पडू लागली.

"उठा हो! या यंत्राच्या सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा!"

तो आला. "दार उशिरा उघडतं अशी तुमचीच तक्रार होती, म्हणून क्रम बदलला. आता यंत्र आधी दार उघडतं, मग कार्ड तपासतं. चुकीचं निघालं तर लाल दिवा."

"आणि नोंद?"

"परवानगीच नाकारली, तर आत गेल्याची नोंद कशी होणार?"

"अहो, पण माणूस आत गेला ना!"

"तांत्रिकदृष्ट्या, नाही."

नणंदेनं बाबांची बाही झटकली. व्यायामशाळेचं मुदत संपलेलं कार्ड खाली पडलं. त्यांच्या झोळीत झोपेच्या गोळ्यांची खोकी निघाली.

"देवीनं ठेवली असतील," बाबा पुटपुटले.

"मग पोलिसांनाही तीच समजावेल," फार्मासिस्ट म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. "आणि साहेब, माझ्यावरचा आळ?"

संचालकांनी सगळ्यांसमोर माफी मागितली, एका पायात बूट घालता घालता.

यंत्राचा क्रम त्याच दिवशी दुरुस्त झाला. माणसांचा अवघड आहे. आपणही आधी मनाचं दार सताड उघडतो, आणि कोण आलंय हे नंतर बघतो, तेही कोणी बघायला लावलं तर. तेव्हा मंडळी, आधी तपासा. नंतरही पाया पडावंसं वाटलं, तर खुशाल पडा.