आईचा आवाज वर्गात येतो

आईच्या आधी तिचा आवाज पोचायचा. माघातल्या सकाळी मालवणच्या माडांतून कोवळं ऊन तिरपं उतरत असे, आणि त्या उन्हातून "ताजे बांगडे आसत, घेवा गो बायांनू!" ही हाक वळणावरून यायची; मागाहून टोपली, मागाहून हिरवं लुगडं, आणि सगळ्यात शेवटी आई. हाकेतला शेवटचा 'नू' ती नाकातून इतका लांब ओढायची, की घरोघरची झोपलेली मांजरंसुद्धा दाराशी येऊन बसत. मला त्या आवाजाची लाज वाटायची. आज सांगताना जीभ अडखळते, पण वाटायची खरी.

कॉलेजात पहिल्या वर्षाला भाषाविज्ञान होतं. बाईंनी पहिल्या तासाला पुस्तक उघडलंच नाही. गळ्यावर दोन बोटं ठेवायला सांगितली : 'स' लांबवला तर कंठ गप्प, 'म' लांबवला तर बोटांना गुदगुल्या. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून 'पळ' म्हटलं तर ती जेमतेम हलली. 'फळ' म्हणताच फडफडली. "तोंडातून काय निघतं ते पाहणं म्हणजे स्वनविज्ञान," बाई म्हणाल्या, "आणि एवढ्याशा श्वासानं अर्थ का बदलतो हे विचारणं म्हणजे स्वनिमविचार." मला ते सारं विलक्षण आवडलं. फक्त बोलायची वेळ आली की मी बाकाखाली पेन शोधायचे, कारण माझी मालवणी कळली तर मुली हसतील ही धास्ती होती. आईलाही बजावून ठेवलं होतं, की कॉलेजच्या आसपास मला ओळख दाखवायची नाही.

आणि एका सकाळी बाई आईलाच घेऊन वर्गात आल्या. त्या तिच्याकडून मासे घेत. ती माझी आई, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नाकातून उमटणारे स्वर ऐकवायला त्यांना अस्सल कंठ हवा होता. आई खुर्चीच्या काठावर बसली, पदर सारखा केला. तिची नजर बाकांवरून फिरत माझ्यावर आली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली. दिलेला शब्द ती पाळत होती.

बाईंनी फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि म्हणाल्या, "घरी बोलता तसं बोला." पण कॉलेज म्हणजे आईच्या लेखी तहसीलदाराची कचेरी. तिनं घसा खाकरला. "माझा मासेविक्रीचा व्यवसाय आहे. आमच्याकडे विविध प्रकारची मासळी उपलब्ध असते."

नाकातला एक स्वर शिल्लक राहिला नाही! निम्मा वर्ग घरी मालवणीच बोलणारा, पण देवळाबाहेर चपला काढाव्यात तशी प्रत्येकानं ती फाटकाबाहेर ठेवलेली. बाई म्हणाल्या, "कुणीतरी यांच्याशी यांच्या बोलीत बोला." कुणी हलेना. हाकेबरोबर सदैव हवेत असणारे आईचे हात मांडीवर निमूट पडले होते. ते मला पाहवेना.

"आये," मी उभी राहून मासळी कुठची ते विचारलं, "पेडवे खंयचे गो आज?"

"खंयचे म्हंजे? रापणीचे! सकाळीच ओढली!" किनाऱ्यावर जाळं ओढावं तसे आईचे दोन्ही हात उडाले. "आणि तू खाल्लंस काय गो कायतरी? की तशीच इलंस?"

वर्ग खदखदून हसला, आणि मीही हसले. मागच्या बाकावरून कुणी मालवणीत सरंग्याचा भाव विचारला, दुसऱ्यानं तो पाडून मागितला, आईनं त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. बाईंनी सगळ्यांना नाक दाबून 'खंय' म्हणायला लावलं, तर तो स्वर कुणाच्याच नाकातून सुटेना. आईनंही नाक चिमटीत धरून पाहिलं आणि हसता हसता डोळे पुसले. इतकी सुखी मी फार थोड्या वेळा झाले आहे.

आता पहिल्या वर्षाला मी शिकवते. आईला जाऊन तीन पावसाळे झाले. ध्वनी मोठा क्षणजीवी, ओठांबाहेर पडतो न पडतो तोच विरतो, हे मीच मुलांना सांगते. पण घरी लेकीशी मालवणीत बोलताना माझी जीभ टाळूला नेमकी तिथेच टेकते जिथे आईची टेकायची, आणि कळतं, की काळ माणसाला घेऊन जातो, त्याच्या बोलण्याची जागा मात्र आपल्या तोंडात ठेवून जातो.