निळी फिल्म

डॉक्टर मनीषांनी पट्टी कापली तेव्हा नेत्रा खिडकीकडे बघत होती. कळायचं ते वासावरून कळलं.

"एवढं चिघळेपर्यंत फिल्म निळीच?" डॉक्टरांनी विचारलं.

जयतीर्थकाकांच्या पायाच्या बोटाखालच्या जखमेवरची ती जेलीसारखी पातळ फिल्म नेत्रानंच धारवाडच्या प्रयोगशाळेत बनवलेली. जखमेचं पाणी शोषायची, किती ओल उरली तेही सांगायची: कोरडी तर निळी, ओली तर गुलाबी, वाळली की पुन्हा निळी. या पुन्हा निळी होण्याचं तिला इतकं कौतुक, की लग्नाच्या पंगतीतही सांगायची. काका निवृत्त मास्तर, मधुमेहामुळे पायाला जाणीव नाही, म्हणजे कुरकुरही नाही. वर स्वतःच चहा पाजणारा रुग्ण दुसरा कुठं मिळणार? प्रबंध दिवाळीआधी द्यायचा होता. रोज संध्याकाळी ती केलगेरीला काकांच्या घरी जाऊन फिल्मचे फोटो काढायची. एक सोडला, तर सगळे निळे.

"मीच काढून पंख्याखाली धरत होतो," काका म्हणाले. नापास पोराला दोन गुण वाढवून दिल्याचं कबूल करावं तसे. "एकदा गुलाबी निघाली तर पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिला यातलं काही ठाऊक नाही."

मग डॉक्टरांनी काकांनाच झापलं. बोट काढावं लागेल, पाय वाचला तरी पुष्कळ. काका मान डोलवत राहिले. नेत्रानं पर्सची चेन लावली.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळल्यावर तिनं काकांना पाणी दिलं. ग्लास धरणारी बोटं आज स्वच्छ होती. दवाखान्यात कुठली पूजा आणि कुठलं गोपीचंदन? एरवी ती सदा पिवळसर. फिल्मच्या कडेवरही तसाच पिवळसर ठसा उमटलेला असायचा. फोटो काढण्याआधी नेत्रा तो कोरड्या कापसानं पुसायची, चष्म्याची काच पुसावी इतक्या सहज.

"काका, सगळं स्वतःच्या अंगावर कशाला घेतलंत?"

काकांनी ग्लास खाली ठेवला.

"रोज पुसायचीस की गं तू तो डाग," ते हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलं, तुला चालतंय."

नेत्रा उठली. डॉक्टर अजून शेजारच्या खाटेपाशीच होत्या.

"बस की," काका म्हणाले. "चहा येतोय."