मान दुखते म्हणून घेतलेली उशी

मी एक उशी बोलतेय. आधीच सांगून ठेवते, माणसांच्या डोक्यांबद्दल माझं मत काही फारसं बरं नाही. आयुष्यभर मी डोकीच तर सांभाळली. दिवसा ताठ मानेने मिरवणारी ही डोकी रात्री माझ्यावर पडली, की तोंड उघडं टाकून लाळ गाळतात. आणि सकाळी उठून म्हणतात काय, तर उशीला वास येतो!

माझा जन्म एका बाईच्या हातचा. तिची थोरली मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी बिऱ्हाड करायला निघाली, तेव्हा तिने मला शिवलं. सावरीचा कापूस आणला, दारं-खिडक्या लावून, नाकाला फडकं बांधून एकेक बी वेचून काढली आणि तो माझ्या खोळीत भरला. फार ठासून नाही, फार ढिला नाही. मुलगी म्हणाली, "आई, बाजारात मिळते गं उशी." आई म्हणाली, "मिळते ना. पण तुझी मान मला माहितीये." ती बाई आता नाही. माझ्या आयुष्यात अक्कल असलेलं माणूस ते एवढंच.

मुलगी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर मान वाकडी करून लोकांच्या उघड्या तोंडात नळी धरून उभं राहायचं, हे तिचं काम. घरी आली की मान अशी आखडलेली असते, की वळून बघायचं तर सगळं अंगच वळवावं लागतं. मग ती माझ्यावर मान टेकते आणि हुश्श करते. तेवढं एक डोकं मी कुरकुर न करता सांभाळलं.

तिचा नवरा मात्र विचारू नका. फरशीच्या दुकानात विक्रेता आहे. मी त्याला हलकेराव म्हणते, कारण जिथे जाईल तिथे त्याचं एकच पालुपद: "हलकं जायचं!" ओझं नको, सामान नको, खर्च तर नकोच नको. मोबाइलवर तो सारखे त्याच विषयाचे व्हिडिओ बघतो. कोणीतरी टोपीवाला सात दिवसांचे कपडे रुमालाएवढ्या पिशवीत कोंबून दाखवतो आणि आमचे हलकेराव "वा! काय डोकं आहे!" म्हणून मांडीवर थाप मारतात. डोकी काय असतात ते मला विचारा.

तर यांना स्वस्तातली विमानाची तिकिटं मिळाली. शनिवारी दुपारी जायचं, सोमवारी परत. समुद्राकाठचं मोठं शहर. लग्नानंतर दोघं कुठे म्हणून गेली नव्हती, त्यामुळे बाईसाहेब हरखून गेल्या. तिने एकच अट घातली. "अहो, हे दोन दिवस तरी कशाचा हिशेब करायचा नाही. करणार असाल तर मला नेऊच नका."

"नाही गं, अजिबात नाही," हलकेराव म्हणाले. आणि मोजपट्टी घेऊन पिशव्या मोजायला बसले.

नियम असा होता, की माणशी एकच छोटी पिशवी, आसनाखाली मावेल अशी. त्याहून जास्त काही असलं, तर तिकिटाहून मोठा भुर्दंड. तिने आपली पिशवी निमूटपणे भरली. दोन पोशाख, दात घासायचा ब्रश, संपलं. ह्यांना मात्र हलकं जायचं असूनही सगळंच हवं होतं. जाडा स्वेटर, तीन विजारी, जादा वहाणा, दाढीचं यंत्र. पिशवीची चेन लागेना. मग टोपीवाल्याने तोडगा सांगितला: हातातली उशी सामानात धरत नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी ती दवाखान्यात असताना हलकेरावांनी कात्री घेतली. त्यांची स्वतःची उशी होती की! पण ती गादीबरोबर फुकट आलेली, फोमची. ती म्हणे फाडली तर वाया जाईल. म्हणून त्यांनी माझी शिवण उसवली, मूठमूठ करून माझा कापूस उपसला आणि कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबला. घरभर कापूस उडाला, नाकात गेला, शिंकून शिंकून बेजार झाले. बरं झालं! मग माझ्या पोटात विजारी, स्वेटर, वहाणा आणि ते यंत्र भरलं. शिवायचा कंटाळा, म्हणून पिना लावल्या. वर स्वच्छ अभ्रा चढवला, घर झाडलं आणि कापसाची पिशवी खाली कचऱ्याच्या डब्यात टाकून आले.

ती घरी आली, तर मी दाराशी सामानाजवळ ठेवलेली.

"हे काय? माझी उशी?"

"तुझी मान दुखते ना," हलकेराव म्हणाले. "म्हटलं, परक्या ठिकाणी झोप लागायची नाही तुला."

ती डोळे पुसत पुसत आत गेली. मला तिची कीव नाही आली, रागच आला. इतक्या वर्षांत या माणसाने आपणहून पाण्याचा पेला तरी पुढे केला होता का? आणि एका उशीवर ही विरघळली! पण माणसांना विश्वास ठेवायला एवढंसंच निमित्त पुरतं. त्या रात्री "बांधलेलं सामान सोडू नकोस" म्हणून त्यांनी तिला आपली फोमची उशी दिली आणि मला दाराशीच ठेवलं.

सकाळी विमानतळाच्या बसमध्ये तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. "अगं, ह्यांनी आपणहून माझी उशी घेतली. मी बोललेसुद्धा नव्हते."

"कोणी, भाऊजींनी?" पलीकडून आवाज आला. "ताप-बिप नाही ना त्यांना?"

"चल, काहीतरीच! माणूस बदलतो गं. जरा वेळ द्यावा लागतो."

ती इतकी खुशीत होती, की मला ऐकवेना. मग तिने हात पुढे केला. "द्या ना जरा, टेकते."

"आत्ता नको. बसमध्ये मळेल," असं म्हणून हलकेरावांनी मला छातीशी घट्ट धरलं. तिला वाटलं, केवढी ही काळजी.

तपासणीच्या यंत्राने माझं पोट आरपार पाहिलं. पण त्याला चाकू-सुऱ्या हव्या असतात, विजारी पाहून ते कशाला ओरडेल? ती बायकांच्या रांगेत होती, तिला काही दिसलं नाही.

गेटवर तर नुसती जत्रा. उन्हाळ्याचे दिवस आणि माणसं दोन-दोन जाकिटं चढवून घाम पुसताहेत. एकाने गळ्यात बूट अडकवलेले. वर सगळ्यांच्या तोंडावर भाव असा, की आम्ही कंपनीला कसं बनवलं! दोन दिवस हवा खायला निघालेली ही शहाणी माणसं.

गेटवरच्या मुलीने विचारलं, "सर, ते हातात काय आहे?"

"उशी," हलकेराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बायकोची मान दुखते हो."

रांगेतली एक बाई आपल्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, "शिका काहीतरी." आमची ती लाजून खाली बघायला लागली.

मुलीने मला सहज दाबलं आणि मी गुरगुरायला लागले. दाढीचं यंत्र सुरू झालं होतं! मुलगी दचकून मागे सरली. हलकेराव मला थोपटायला लागले, तशी एक पीन निसटली, मग दुसरी, आणि वहाण खाली पडली. तिच्या मागोमाग विजारीचा पाय बाहेर आला. सगळी रांग खो-खो हसत सुटली.

ती हसली नाही. तिने माझ्या पोटात हात घातला.

"माझा कापूस कुठाय?"

"अगं, जुनाट झाला होता तो. आपण नवी घेऊ."

"कुठाय?"

"सकाळीच गाडी आली ना कचऱ्याची..."

"आईने भरली होती हो ती."

"आता इथे तमाशा नको," हलकेराव म्हणाले आणि गेटवरच्या मुलीकडे वळले. "अहो, कपडेच तर आहेत! तिकिटापेक्षा जास्त पैसे? लूट आहे ही! थांबा, अंगावर घालतो, मग तर झालं?" आणि खरोखरच त्यांनी पायातल्या विजारीवर दुसरी चढवायला घेतली.

"सर, गेट बंद होतंय," मुलगी म्हणाली.

तिने आपली पिशवी पुढे केली. "माझं एवढंच आहे. मी जाऊ?"

"हो मॅडम, जा ना."

"अगं, थांब! एकच पाय राहिलाय!"

"घाला सावकाश," ती म्हणाली आणि निघाली. एकदाही मागे वळली नाही.

हलकेराव एका पायावर उड्या मारत तिच्यामागे धावले. विजार बुटात अडकली आणि ते आडवे झाले. उठून पाकीट काढलं, "घ्या, घ्या पैसे!" म्हणाले. तोवर गेट लागलं होतं.

आता आम्ही बाहेरच्या हॉलमध्ये बाकावर आहोत. पुढच्या विमानाचं तिकीट किती महाग आहे ते ते परत परत बघताहेत. मी रिकामी, त्यांच्या मांडीवर. मघाशी त्यांनी मला डोक्याखाली घेऊन पाहिलं आणि डोकं ठाणकन बाकावर आपटलं. या वेळी मी दोष घेणार नाही.

आत्ताच तिचा निरोप आला. हलकेरावांनी तो मोठ्याने वाचला. "पोचले. खोलीत दोन उशा आहेत. दोन्ही मी घेतल्या."

"दोन्ही?" हलकेरावांनी मलाच विचारलं.

मी काय बोलणार? माझ्या पोटात बोलायला काही उरलेलं नाही. पण तुमच्यापैकी कोणाला ती तिथे भेटलीच, तर माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, बरं केलंस बाई. आता मान टेक आणि नीट झोप.