टोन्यापायी गेलेलं लुगडं

ज्या साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच साली दिवाळीनंतर अल्लीपूरचा पुनाजी ढिवरही मुंबईला गेला. जायचं का, हे पुनाजीला कुणी विचारलं नव्हतं. हिंगणघाटच्या एका कापूस जिनिंगचे मालक प्रभाकरराव यांना मासेमारीचा भारी शौक. म्हणजे गळ ते धरायचे आणि मासा पुनाजी काढायचा. त्यांच्या मुंबईच्या मित्रानं मोटारबोट घेतली, समुद्रात मोठ्या माशाच्या शिकारीला या म्हणून बोलावलं, आणि रावांनी बिस्तऱ्यासोबत पुनाजीलाही उचललं.

निघायच्या घाईत पुनाजीनं दांडीवरचं हाताला लागेल ते लुगडं ओढलं आणि त्यात आपली गठडी बांधली. ते बायकोचं, भागीरथाचं लग्नातलं लुगडं होतं, ऊन दाखवायला बाहेर काढलेलं. पुरुषाला लुगडं म्हणजे लुगडं. तिथंच त्याची साडेसाती सुरू झाली.

आठ दिवसांनी तो परत आला तेव्हा गठडी सुतळीनं बांधलेली होती, दोन्ही तळहातांवर लाल चिरा होत्या आणि लुगडं गायब होतं. भागीरथानं विचारलं, तेव्हा बिचारा खरं तेच बोलला.

"टोन्यापायी गेलं."

आता समुद्रात जो मासा गळाला लागला, त्याला बोटीवर सगळे ट्यूना म्हणत होते. पुनाजीच्या कानाला जसं लागलं तसं त्यानं सांगितलं. पण ध चा मा व्हायला राजवाडाच लागतो असं थोडंच आहे? टोना म्हणजे काय, हे अल्लीपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुंबईच्या कुण्या बाईनं करणी केली, नवरा वश केला, लुगडं उपटलं आणि वर हातांवर नखं ओढली, असा भागीरथानं सरळ अर्थ लावला.

पुनाजी समजावायला गेला आणि आणखी खोलात गेला. टोना कसा गुबगुबीत होता, पोट कसं गोरंपान, त्याच्याशी दीड तास कसा झोंबलो, हे तो मोठ्या अभिमानानं सांगत सुटला. बायकोला काय सांगावं आणि काय नाही, एवढी अक्कल त्याच्यापाशी असती तर आणखी काय पाहिजे होतं.

शेजारची धुरपता उतारा घेऊन धावली. तिला जगाच्या नवऱ्यांचं सगळं कळायचं, स्वतःच्याचं तेवढं कळत नसे. तिनं पुनाजीला पाटावर बसवून लाल मिरच्यांची धुरी दिली. खोकून खोकून त्याचे डोळे बाहेर आले. दम लागता लागता तो म्हणाला की हा टोना पाण्यातला हाय, धुरीनं जाणार नाई. पाण्यातला म्हणजे लई जालीम, असं म्हणून धुरपतानं आणखी दोन मिरच्या टाकल्या.

घडलं होतं ते असं. समुद्रात गळाला मासा लागला आणि दहा मिनिटांत प्रभाकररावांचे दंड गळाले. दांडा पुनाजीच्या हाती आला. तो डोहातल्या मरळी धरणारा माणूस, आणि हा मासा थेट पाताळाकडे निघालेला. दोर हातात रुतत होता तरी त्यानं सोडला नाही. शेवटी गोऱ्ह्याएवढा ट्यूना बोटीवर आला. धक्क्यावर फोटोसाठी तो उलटा टांगायचा होता, पण शेपटी इतकी गुळगुळीत की दोर निसटायचा. पुनाजीनं गठडी सोडली, लुगडं शेपटीला गुंडाळलं, वरून दोर आवळला, तेव्हा कुठं मासा लटकला. मग रक्तातेलानं ते लुगडं असं घाण मारू लागलं की खलाशांनी समुद्रात भिरकावून दिलं.

माशाला लुगडं, यावर कोण विश्वास ठेवणार? बाजारात लोक विचारायचे, सहावारी का नऊवारी. ते हसणं पुनाजीनं पचवलं. पण भागीरथा दोन महिने त्याच्याशी बोलली नाही, आणि संक्रांत झाली की रोहण्याला माहेरी जाते ते कायमचीच, असं तिनं धुरपताकडून कळवलं. त्या दिवशी पुनाजी नदीवर गेला आणि जाळं न टाकताच परतला. तिच्याशिवाय घरात राहायचं, या विचारानंच त्याला रडू फुटत होतं.

जायच्या सकाळी भागीरथा पेटी घेऊन दारात आली आणि समोरून प्रभाकररावांचा दिवाणजी सायकलवर लिफाफा घेऊन आला. आत फोटो होता. मधोमध राव छाती काढून उभे, शेजारी त्यांच्याएवढाच लांब मासा उलटा टांगलेला. पुनाजी फोटोत मावलाच नव्हता. कडेनं आलेला त्याचा एक पंजा तेवढा वर शेपटीपाशी दिसत होता.

निरोप द्यायला आलेल्या धुरपतानं तो आधी हातात घेतला आणि हा त मालकाचा फोटो हाय, असं म्हणून नाक मुरडलं. भागीरथानं तो तिच्या हातातून घेतला. शेपटीला पदर गुंडाळलेला होता आणि पदरावर चौकोनी ठिगळ. उंदरानं कुरतडलं तेव्हा तिनंच रडत रडत लावलेलं ते ठिगळ तिनं हजारात ओळखलं असतं. मग तिची नजर पंजावर गेली. अंगठा आत दुमडून मासा धरायची ती रीत तिच्या रोजच्या पाहण्यातली होती.

"हा टोना होय?"

पुनाजीनं मान हलवली.

"मालक नुसतेच उभे हायेत," ती म्हणाली. "धरला त तुमीच."

तिनं त्याचे दोन्ही तळहात उलटून पाहिले. चिरा आता पांढऱ्या पडल्या होत्या. मग तिनं पेटी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

"अन् नेसवाचंच होतं," आतून आवाज आला, "त काष्टा तरी नीट घालाचा होता. लग्नाचं लुगडं होतं माह्यं."