उरलेला श्रवण-तास

त्या संध्याकाळी बाबा नेहमीसारखे दुकानात स्टुलावर बसून उलट्या खुर्चीवर वाकले होते आणि लेक त्यांना ज्वालामुखीचे खडक शिकवत होती. बाबांच्या ओठांत बारीक खिळे होते. एकेक खिळा जिभेने पुढे आणायचा आणि हातोडीने टिपायचा. खुर्च्या-सोफ्यांना गाद्या बसवणाऱ्याचं तोंड कामाच्या वेळी असंच भरलेलं असतं, त्यामुळे शंका विचारायची तर आधी खिळे संपवावे लागत.

हे लचांड विद्यापीठाने लावून दिलं होतं. बाबांकडे गादीकामाचं जुनं प्रमाणपत्र होतं आणि नव्या नियमाने त्यावर पदवीला प्रवेश मिळत होता. समकक्षता समितीने हिशेब मांडला: हाताचं काम गरजेपेक्षा जास्त, आसनव्यवस्थेचं ज्ञान उत्तम, मात्र व्याख्यानं ऐकण्यात अर्जदार कच्चा. सबब त्याने ठरलेले श्रवण-तास भरून द्यावेत. प्राध्यापक मान्यताप्राप्त हवा, विषय कोणताही चालेल. लेक कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. बाबा म्हणाले, काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला?

आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, रोज दुकानात येऊन बसायची. साठी उलटल्यावर शिकून हा काय दिवे लावणार, असं ती गिऱ्हाइकांनाही विचारायची. बाबा खिळ्यांआडून हसत. लहानपणी त्यांना कामाला लावलं तेव्हा दाखल्यावर ‘शाळा मध्येच सोडली’ असा शेरा पडला होता. मी सोडली नाही, माझी सोडवली, असं म्हणताना त्यांची हातोडी अजूनही जरा जोरात पडे. एकदा पदवी हातात आली की त्या शेऱ्याचं तोंड बंद होणार होतं.

खिळे संपले तसे ते म्हणाले, “बाई, एवढा तापून वर आलेला खडक थंड कशाने होतो?” तासापुरतं ते लेकीला बाईच म्हणत.

“हवेने.”

“हवेचं ऐकतो? चांगल्या घरचा दिसतो.”

एकच तास उरला होता. उद्या सुटलो, असं म्हणत त्यांनी हात धुतले. पहाटे झोपेतच ते गेले.

काही दिवसांनी लेक बाबांचं मूळ प्रमाणपत्र परत मागायला विद्यापीठात गेली. कारकून भला माणूस होता. त्याने हळहळ व्यक्त केली, चहा मागवला आणि शिक्का उचलला. शिक्क्यावर ‘अभ्यास मध्येच सोडला’ असं कोरलेलं होतं.

“त्यांनी सोडला नाही,” ती म्हणाली. “ते वारले.”

कारकुनाने गैरहजेरीची कारणं शोधली. आजारपण, विवाह, पूर आणि बदली एवढीच होती. मरण नव्हतं, कारण तशी सवलत आजवर कुणी मागायला आलंच नव्हतं. विवाहात बसवू का, असं त्याने मनापासून विचारलं. तिने बदली लिहायला सांगितलं. त्याने कंसात ‘कायमची’ असं जोडलं, आणि मग त्याचा चेहरा उजळला. बदली झालेल्याचा उरलेला तास जुन्या जागी, त्याच्या नेहमीच्या आसनासमोर, अधिकाऱ्याच्या देखत घेता येत होता. अर्जदाराने श्वास घ्यावा, असं नियमात कुठेच नव्हतं.

अधिकारी दुकानात आले. बाबांचं स्टूल त्यांनी हलवून पाहिलं, ते डुगडुगत नाही याची खात्री केली आणि ‘हजर’ अशी नोंद केली. मग विचारलं, “अर्जदार शंका विचारतात का?”

“खिळे संपले की,” आत्या म्हणाली आणि तिने पदराने नाक पुसलं.

लेकीने गाळाचे खडक घेतले. नदी गाळ आणते, थरावर थर बसतो, दाबाने त्याचा दगड होतो. कॉलेजात बोलायची तशीच ती न अडखळता बोलत राहिली. मग बाबांनी हमखास मध्ये तोंड घातलं असतं अशी एक जागा आली. तिथे ती थांबली. पुढचं काही आठवेना.

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. “मॅडम, गप्प राहिलेला वेळ तासात धरता येत नाही. तास अपुरा पडला तर मला शेरा मारावा लागेल.”

आत्याने घाईघाईने सुचवलं, “अगं, काहीही बोल. पाढे म्हण.”

“विषय कोणताही चालतो ना?” लेकीने विचारलं.

“कोणताही. ऐकवण्यासारखा हवा.”

ती स्टुलाकडे वळली.

“बाबा, मला शिकवायला आवडत नाही. कधीच आवडलं नाही. तास संपायची वाट मुलांपेक्षा मीच जास्त बघते. तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, आमची लेक शिकवते. म्हणून बोलले नाही. पण इथल्या तासाची मी सकाळपासून वाट बघायचे. तुम्हाला शिकवायला मला फार आवडलं.”