वारेमच्या तोंडावरची काठी

पापेदा गरमच खायचा असतो. सागोच्या पिठाची ती चिकट खळ गार झाली की तिच्यावर साय धरते आणि मग तिला कुत्रंही तोंड लावत नाही. त्या दिवशी दुपारी तीन वाजता माझ्या टेबलावर चार माणसांचा पापेदा साय धरून बसला होता. शेजारी हळदीचा माशाचा रस्सा होता. खायला कोणी नव्हतं. माझा नवरा सेफनात पाहुण्यांना घेऊन सकाळी सातला बोटीने गेला होता, बारापर्यंत येतो म्हणून.

रश्शाच्या भांड्याशेजारी गुनादीसरांची गोळ्यांची डबी राहिली होती. सात खणांची, प्रत्येक वाराला एक खण. त्या दिवसाच्या खणात गोळ्या तशाच होत्या. मी ती डबी तिथून उचलून कपाटात ठेवली, मग परत टेबलावर आणून ठेवली. काय करावं ते सुचत नव्हतं.

गुनादीसर आणि हेस्तीबाई सुराबायाहून आले होते. दोघंही शाळेतून निवृत्त झालेले. सरांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. दोन विमानं आणि दोन बोटी बदलून ते आमच्या आर्बोरी बेटावर आले, आमच्या भाड्याच्या खोलीत उतरले, ते फक्त पाकट माशांची पिल्लं बघायला. पाकटं म्हणजे साधी नव्हेत, आमच्याकडची राक्षसी, पंख पसरले तर होडी झाकतील अशी. त्यांची पिल्लं भरतीबरोबर वारेमच्या खाडीत शिरतात आणि उथळ पाण्यात गिरक्या घेत बसतात. जगात अशा जागा थोड्या आहेत म्हणतात. मला काय माहीत, मी लहानपणापासून तीच बघत आले.

पण वारेमला सासी लागलेली होती.

सासी म्हणजे बंदी. आमच्या गिर्ज्यातल्या बायका दर वर्षी सहा महिने ती खाडी मिटतात. खाडीच्या तोंडावर काठी रोवायची, तिला माडाच्या झावळ्या बांधायच्या, पाद्रीने प्रार्थना म्हणायची. मग आत बोट नाही, जाळं नाही, पाय नाही. शेवंड आणि समुद्रकाकडी तेवढ्या काळात वाढतात. या बायकांची प्रमुख मी. ती काठी दोन महिन्यांपूर्वी मी माझ्या हाताने रोवली होती.

आणि आदल्या संध्याकाळी मीच सेफनातला म्हणाले होते, "उद्या त्यांना वारेममध्ये ने."

तो जाळं शिवत होता. त्याने सुई थांबवली. "कुठे?"

"ऐकू आलं ना तुला. चार दिवस झाले, वाऱ्याने त्यांना काहीसुद्धा दिसलेलं नाही. उद्या त्यांचा शेवटचा दिवस. मागच्या पाहुण्यांनी फोनवर काय लिहून ठेवलंय विसरलास? पाण्यात काही दिसलं नाही, जेवण चांगलं होतं. जेवणासाठी कोण इतक्या लांब येतं? तेव्हापासून एक बुकिंग नाही."

"ओर्पा, काठी तूच रोवलीस."

"म्हणून मीच सांगतेय. आपण काय शेवंड काढणार आहोत का? बघायचं आणि यायचं. सकाळी त्या बाजूला कोणी नसतं."

त्याने सुई परत जाळ्यात घातली. सेफनात गप्प बसला की मी त्याला होकार धरते. वीस वर्षांची सवय.

सकाळी जेट्टीवर आपलेना माय सुपारी चघळत बसलेली. गावातली सगळ्यात म्हातारी, गावात कोण कुठे गेलं ते तिला कळल्याशिवाय दिवस उजाडत नाही. तिने विचारलं, "कुठे निघालात रे?" सेफनातने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "उत्तरेच्या बेटावर. पक्षी बघायला." सेफनातने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि इंजिनाची दोरी ओढली.

अकराला दक्षिणेचा वारा सुटला. बाराला जेट्टीवरून पांढऱ्या लाटा दिसायला लागल्या. एकला मी जेट्टीच्या टोकाला जाऊन फोन लावला. तिथेच काय तो सिग्नल मिळतो. फोन बंद. दोनला परत लावला. अडीचला माझा दीर देरेक स्वतःच आला.

"वहिनी, दादा आला नाही?"

"येईल."

"वाऱ्याकडे बघितलंत का? म्हणे येईल!" त्याने पाद्रीला हाक मारली. आमच्या गिर्ज्याची घंटा म्हणजे ऑक्सिजनच्या जुन्या नळकांड्याचा तुकडा. पाद्री त्याच्यावर लोखंडाने ठोकायला लागला. माणसं धावत जेट्टीवर जमली. देरेकने विचारलं, "उत्तरेच्या बेटावरच गेला ना?"

तेव्हा सांगायला हवं होतं. आर्बोरीहून उत्तरेचं बेट एकीकडे आणि वारेम अगदी उलट, दक्षिणेला. मला ते चांगलं ठाऊक होतं. पण देरेकच्या मागे त्याची बायको योसिना उभी होती, आणि तिच्यासमोर माझ्या तोंडाला कुलूप लागलं.

गेल्या वर्षी योसिनाने सासीच्या दिवसांत वारेममधून दोन शेवंडं काढली होती. तिचं धाकटं मूल तापाने फणफणलं होतं, पोटात काही ठरत नव्हतं, त्याला सूप द्यायचं म्हणून. मला कळलं आणि मी तिला रविवारी गिर्ज्यात सगळ्यांसमोर उभं केलं. आमच्यात तोच दंड. उभं राहायचं, काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि सासी उघडेल त्या दिवशी बाकीच्या बायकांबरोबर पाण्यात उतरायचं नाही, किनाऱ्यावर बसायचं. ती सांगताना रडली. मी म्हणाले होते, "नियम म्हणजे नियम. मग घरची असो की दारची." केवढा तोरा होता माझा.

"हो," मी देरेकला म्हणाले. "उत्तरेलाच."

दोन बोटी उत्तरेला गेल्या. मी मनाशी म्हणत होते, ही माणसं परत येईपर्यंत सेफनात आपला आपण येईल. इंजिनात कचरा अडकला असेल, खाडीत पाणी शांत असतं, बसला असेल वारा पडायची वाट बघत. मी घरी गेले. डबीतल्या गोळ्या मोजल्या. तीन होत्या. एक गुलाबी, दोन पांढऱ्या. परत जेट्टीवर आले. परत घरी गेले. सुपारीला लावायचा चुना मी हनुवटीला लावला, आणि आपलेना माय ते बघत होती.

"तुला सगळं माहीत आहे," ती एकदम म्हणाली.

"काय माहीत असणार मला?"

"मला नाही माहीत. पण नवरा समुद्रात अडकला की बाई समुद्राकडे बघते. तू मघापासून जमिनीकडे बघतेयस."

मी हनुवटीवरचा चुना पुसला. देवा, मी तेव्हासुद्धा काही बोलले नाही.

साडेचारला दोन्ही बोटी परत आल्या. देरेक नखशिखांत भिजलेला. "बेटाला पूर्ण फेरी मारली. जाळी टाकणारे होते तिथे. म्हणाले, सकाळपासून इकडे कोणी फिरकलेलं नाही." त्याने पेट्रोलचा कॅन हलवून बघितला. "वहिनी, पेट्रोल एका फेरीपुरतं उरलंय. उजेड दीड तास. आता कुठे जाऊ ते नीट आठवून सांगा. वाटेत कुठे थांबणार होता का?"

जेट्टीवर तीसेक माणसं असतील. सगळी माझ्याकडे बघत होती. एका फेरीपुरतं पेट्रोल. मला सेफनातचे केस पाण्यात दिसले, खरंच दिसले, आणि मग मला कोणाचीच लाज राहिली नाही.

"तो वारेमला गेलाय," मी म्हणाले. "मी पाठवलं. सासीच्या आत. पिल्लं दाखवायला. सकाळी मी खोटं बोलले आणि मघाशी पण खोटं बोलले."

कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. पाद्रीने मान खाली घातली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, हे त्याने आम्हाला कितीदा वाचून दाखवलं असेल. देरेक मला मारेल असं वाटलं. दोन तास मी त्याला उलट्या दिशेला हिंडवलं होतं, त्याच्या सख्ख्या भावासाठी.

योसिना पुढे आली. मी मान वर करून तिच्याकडे बघितलं, कारण ते तरी मला करायलाच हवं होतं.

"बोलायचं ते आल्यावर बोलेन," ती म्हणाली. "खूप आहे बोलायचं. आधी तुझ्या घरातलं पेट्रोल काढ. स्वयंपाकघराच्या मागे कॅन असतो, मला माहीत आहे. आणि त्या म्हाताऱ्याच्या गोळ्या घे."

आम्ही एकाच बोटीत बसलो. देरेक, योसिना, मी. दक्षिणेकडे बोट वळली तसे लाटांचे फटके थेट तोंडावर यायला लागले. मी डबी पोटाशी धरून बसले होते. वाट अर्ध्या तासाची. एकदाच देरेक म्हणाला, "खाडीत असेल तर वाचला असेल. आत लाट नसते." मी त्याच वाक्याला धरून राहिले. आत असेल. देवा, तो आत असू दे. सासी मोडलेली असू दे.

वारेमचं तोंड म्हणजे दोन काळ्या कड्यांच्या मधली जेमतेम तीस हातांची फट. टोकाला वळसा घालून दक्षिणेच्या बाजूला आलो तशी लांबून मला माझी काठी दिसली, झावळ्या वाऱ्याने आडव्या झालेल्या. आणि काठीच्या अलीकडे, बाहेर, उघड्या लाटांत, आमची बोट नांगरावर नाचत होती.

सेफनात टोकाला बसून नांगराचा दोर दोन्ही हातांनी धरून होता. अंगठ्याजवळ कातडं सोलवटून लाल झालेलं. दोर बांधायची खुंटी उपटली होती म्हणून तो स्वतः धरून बसला होता. तळाशी गुनादीसर आणि हेस्तीबाई एकमेकांना बिलगून पडले होते, ओकून ओकून पांढरे पडलेले, पण जिवंत. कापलेल्या कॅनने हेस्तीबाई पाणी उपसत होत्या, उपसत म्हणजे नुसता हात हलवत होत्या.

देरेकने बोट भिडवली. मी उडी मारली, गुडघा फुटला, ते मला घरी आल्यावर कळलं. आधी सरांच्या तोंडात गोळ्या घातल्या. मग सेफनातकडे वळले आणि माझा संतापाने तोल गेला.

"मेल्या, आत का नाही गेलास? दोर सोडला असतास तरी वाऱ्याने बोट आत गेली असती! दहा हातांवर पाणी शांत आहे! ही दोघं मेली असती!"

त्याचे ओठ मिठाने तडकले होते. त्याला बोलायला वेळ लागला. "बाहेरूनच दाखवणार होतो. भरतीला पिल्लं तोंडापाशी येतात कधीकधी. मग इंजिन मेलं. पेट्रोलमध्ये पाणी."

"मग आत जायचं होतं! जीव वाचवायला गेलं तर सासी मोडत नाही, लहान पोरांनाही कळतं!"

"जीव वाचवायला गेलो म्हणून कोणी मानलं असतं?" तो म्हणाला. "पाहुणे बोटीत, पिल्लं पाण्यात, आणि आत कोण, तर ओर्पाचा नवरा. योसिनाला तू कसं उभं केलंस ते मी पाहिलंय. तुला तसं उभं राहिलेलं मला बघवलं नसतं." मग त्याची नजर माझ्या मागे, देरेक आणि योसिनाकडे गेली. तो आवाज उतरवून म्हणाला, "तू यांना काही सांगितलं नाहीस ना?"

पाच तास. पाच तास त्या माणसाने हातांची सालटं काढून माझं नाव सांभाळलं होतं.

"सांगितलं," मी म्हणाले. "जेट्टीवर. सगळ्या गावासमोर."

मला वाटलं तो ओरडेल. त्याने कपाळ माझ्या खांद्याला टेकवलं. दोर अजून त्याच्या मुठीत होता, बोटं उघडतच नव्हती. मी एकेक बोट सोडवायला लागले.

योसिना आमच्या बोटीत आली. तिने कोयता काढला आणि एका घावात नांगराचा दोर तोडला. "पुरे आता," ती म्हणाली. "वारा पडेपर्यंत आत चला." बोट वाऱ्याबरोबर फटीत शिरली, मागोमाग देरेकची. माझी काठी माझ्या हाताला लागेल इतक्या जवळून गेली. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

आत पाणी ताटासारखं सपाट होतं. मग हेस्तीबाईंनी काठावर हनुवटी टेकवली आणि म्हणाल्या, "अहो. अहो, उठा. बघा." गुनादीसर कसेबसे उठले. बोटीखालून काळे पंख एकामागून एक वळत जात होते, सहा, सात, किती ते. म्हातारा हुंदके देत रडायला लागला. बाई त्याचा हात धरून पिल्लं मोजत होत्या.

"बघ की," सेफनात मला म्हणाला. "एवढं सगळं त्यांच्यासाठीच केलंस ना?"

मी बघितलं नाही. त्याची सोललेली बोटं माझ्या ओंजळीत होती आणि एक बोट अजून सरळ होत नव्हतं. योसिना समोर बसून माझ्याकडे बघत होती.

"रविवारी तुझ्या शेजारी उभी राहीन," ती म्हणाली. "एकटीने उभं राहायला फार वाईट वाटतं. मला माहीत आहे."